हजेरी व्हाया हॉलंड

चार वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले, तरी माझे घरमालक फॅक्टरीत नेमकं काय बनवत होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर, भाडेकरू म्हणून. जबलपुरात फॅक्टरी म्हटलं की कोणती, असं फारसं कोणी विचारत नाही. सैन्याचं सामान बनतं तिथे, आणि दर दोन घरांआड कोणी ना कोणी तिथून रिटायर झालेलं असतं. बाकीचे लोक पान खाता खाता सगळं सांगून टाकतात. काका नाही. मला एकदा ते पेंट शॉपमध्ये होतो म्हणाले, एकदा स्टोअरमध्ये. समोरच्या किराणावाल्या भैयाला त्यांनी तिसरंच काही सांगितलं होतं. त्यांच्या वारलेल्या बायकोला, काकूंनाही, माहीत नव्हतं म्हणे. मी एकदा सरळच विचारलं, तर म्हणाले, "बाई, सही केली आहे मी." कशावर सही, किती वर्षांसाठी, काही नाही. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

मला ते बाई म्हणायचे कारण मी शाळेत गणित शिकवते. अधारतालला शाळा, चेरीतालला घर, मध्ये माझी स्कूटी. मूळची मी बालाघाटची. गणितवाली असल्यामुळे मला वाटायचं की कोणतीही गोष्ट पायरीपायरीने सुटते. काकांनी माझा हा गैरसमज पार घालवला.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. खालच्या पुढच्या दाराला भलं मोठं कुलूप, आणि आतून कुकरच्या शिट्ट्या. मी घाबरून जिन्यातच उभी राहिले. तर काका मागच्या गल्लीतून, न्हाणीघराच्या बाजूच्या दारातून बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "वरण लावलं आहे." पुढून कुलूप लावायचं आणि मागच्या दाराने आत यायचं, हा त्यांचा रोजचा रिवाज. काहून, तर लोकांना वाटलं पाहिजे आपण घरी नाही. आणि खरंच कुठे जायचं असलं की पुढचं दार नुसतं लोटून, दिवा लावून जायचे, म्हणजे लोकांना वाटलं पाहिजे आपण घरी आहो. मागच्या दारावर माझ्यासाठी ठोठावण्याची पद्धत ठरलेली होती, आधी दोनदा, मग थांबून एकदा. दुसऱ्या कोणी कितीही बडवलं तरी ते उघडत नसत. चोर असा कोणता येणार होता त्या घरात? दोन स्टीलची कपाटं, एक देवघर आणि काकूंची शिलाई मशीन. पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

फोनचंही तसंच. खालून वर फोन करायचे आणि म्हणायचे, "खाली या." काय झालं काका, विचारलं की उत्तर ठरलेलं: "ही गोष्ट फोनवर बोलायची नाही." सुरुवातीला मी दोन दोन पायऱ्या उतरून धावायचे. खाली गेल्यावर कळायचं की टाकीतलं पाणी संपलं आहे, नाही तर आज वांगी मस्त आली आहेत, चार घेऊन जा. पुढे मी सावकाश उतरायला लागले. साधा कॉल तर ते उचलतच नसत. साध्या कॉलवर कोणीही ऐकते, इंटरनेटवरून लावा, असं सगळ्यांना बजावून ठेवलेलं. ज्यांना हा कायदा माहीत नव्हता, त्यांच्यासाठी काका या जगात नव्हतेच.

एकुलती एक मुलगी त्यांची, पुण्याला नोकरी करते, तिथलाच नवरा, सहाव्या मजल्यावर फ्लॅट. काकू गेल्यावर ती न्यायला आली होती. बापाने साफ नाही म्हटलं. तिने रडून पाहिलं, भांडून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं. शेवटी तह झाला, आणि तोही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, लेखी. रोज सकाळी सातपासून नऊपर्यंत बाबांनी मोबाइलवरून "हजर" असा मेसेज पाठवायचा. तो येतो आहे तोवर बाबा चेरीतालला एकटे राहतील आणि मुलगी पुण्याचं नाव काढणार नाही. एक दिवस जरी हजेरी चुकली, तर ती येईल आणि बाबा तिच्यासोबत जातील, तिथे काहून-बिहून चालणार नाही. फॅक्टरीचं फाटक नऊला बंद म्हणजे बंद, तसं. खाली दोघांच्या सह्या आणि साक्षीदार म्हणून माझी. मी नवीन भाडेकरू, मला काय माहीत मी कशात पडून राहिली आहे. केली सही.

त्या हजेरीसाठीच मुलीने स्वतःचा जुना फोन बापाला दिला. फोन तिचा, त्यातलं ईमेलचं खातंही तिचंच. बदलायचं राहून गेलं, आणि राहूनच गेलं. हे लक्षात ठेवा, माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

दोन वर्षं हजेरी बिनचूक गेली. सातला पाच कमी असले की काका दाढी करून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून फोन समोर घेऊन बसत. उत्तरादाखल पुण्याहून "हजर" आलं की मान हलवत आणि मग चहा. मग एका संध्याकाळी मला खाली बोलावणं आलं. मी वांग्यांसाठी पिशवीच घेऊन गेले. पण काकांनी आधी खिडकी लावली आणि हळूच विचारलं की फोनला आपण काही विचारलं, म्हणजे शोधलं, तर ते कोणाकोणाला दिसते? मी म्हटलं, सगळ्यांना दिसते काका, कंपनीला दिसते, जाहिरातवाल्यांना दिसते. अर्धवट ज्ञान माझं, पण आवाज वर्गातला. त्यांचा चेहरा उतरला. असं काय विचारता फोनला, मी चिडवलं. ते काही हसले नाहीत.

मग ते घमापुरला मोबाइलचं कव्हर आणायला गेले आणि तिथल्या दुकानदाराने त्यांना सांगितलं, अंकल, व्हीपीएन डाल लो, किसी को पता नहीं चलेगा. आले ते माझ्या मागेच लागले. मलाही धड माहीत नव्हतं, पण मास्तरकीचा स्वभाव, येत नाही म्हणवत नाही. एक फुकटचं ॲप त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं मी. आणि समजावून सांगितलं की तुमचा फोन राहतो इथेच, पण तुमचं सगळं येणंजाणं आधी दुसऱ्या देशातून फिरून जातं, त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं तुम्ही तिथेच बसले आहात. यादीत हॉलंड दिसलं, हॉलंड दाबलं. वर कोपऱ्यात बारीकशी किल्ली उमटली. काका त्या किल्लीकडे बघतच राहिले.

"म्हणजे पुढच्या दाराला कुलूप," ते म्हणाले, "आणि आपण आतमध्ये वरण लावून राहिलो."

इतक्या कमी वेळात व्हीपीएन कळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला स्वतःला तो तेव्हा कळला.

त्यानंतर जो गोंधळ सुरू झाला, त्याला मीच जबाबदार. भजनाचा व्हिडिओ लावला की आधी कुठल्या तरी अगम्य भाषेत चीजची जाहिरात लागायची, आणि काका ती हात जोडून शेवटपर्यंत ऐकायचे, मध्येच बंद कशी करायची. बातम्यांवर तिथल्या सायकलींच्या बातम्या. बँकेच्या ॲपने तर तुम्ही परदेशातून आले आहात म्हणून दारातच उभं केलं. काका खूश! "पाहा बाई, बँकेलाही पत्ता नाही लागला." मी म्हटलं, काका, ती तुमचीच बँक आहे. रेल्वेचं तिकीट निघेना. फोन इतका तापायचा की ते तो माठाच्या तिवईखाली ओल्या फडक्याजवळ ठेवायला लागले, आणि दुपारपर्यंत बॅटरी खलास. बंद करा ते, मी कितीदा म्हटलं. नाही. यादीतला देशही स्वतःच बदलायला लागले, आणि एखाद्या दिवशी जिन्यात भेटले की गंभीरपणे सांगायचे, आज आपण सिंगापूरला आहो. मला कधी हसू यायचं, कधी डोक्याला ताप व्हायचा. लपवायचं काय आहे या माणसाला, आणि कोणापासून? फॅक्टरी सोडून त्यांना पंधरा वर्षं झाली होती.

खरा घोटाळा हजेरीचा. फुकटचं ॲप ते, कधी कधी मधेच मरायचं. किल्ली वर दिसत राहायची, पण आतून काही जायचं नाही. "हजर" लिहून पाठवलं की त्यासमोर खुणेऐवजी बारीकसं घड्याळ यायचं, म्हणजे मेसेज अजून घरातच. पहिल्यांदा असं झालं तेव्हा रविवार होता, मी घरीच, आणि नऊला दहा मिनिटं कमी होती. काका धापा टाकत वर आले, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून. फोन पुढे करून नुसतं "घड्याळ" म्हणाले. मी वरची पट्टी खाली ओढली, किल्लीवर बोट ठेवलं, ती गेली आणि लगेच मेसेज पोचला. काका माझ्या दारातच खाली बसले. मी पाणी दिलं. तेव्हा मला उमगलं की त्या एका शब्दावर या माणसाचं सगळं घर उभं आहे.

आठ दिवसांनी परत तेच. मग मी त्यांच्या हातून पाच वेळा गिरवून घेतलं, वर्गात घेते तसं. त्यांनी एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "घड्याळ दिसल्यास किल्ली बंद करणे", आणि ती चिठ्ठी माठाच्या वर भिंतीला चिकटवली. त्यानंतर एकदाही ते वर आले नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, झालं होतं काल, केली बंद, पाठवलं, परत चालू केली. शिकले बुवा, मला वाटलं. म्हाताऱ्या विद्यार्थ्याचा मला फार अभिमान वाटला.

आता तो दिवस. आमच्या शाळेत फोन कपाटात जमा करावे लागतात, सुटल्यावर मिळतात. त्या दिवशी अडीचला मी फोन हातात घेतला तर त्यावर मुलीचे सतरा मिस्ड कॉल. माझ्या पाचावर धारण बसली. मेसेज वरपासून वाचत गेले. बाबांची हजेरी आली नाही. बाबा साधा कॉल उचलत नाहीत, इंटरनेटचा लागत नाही. काल संध्याकाळी तिच्या खात्यावर सूचना आली होती की रोमानियातून कोणीतरी तुमचं खातं उघडलं आहे. फोन चोरीला गेला का? बाबांना कोणी फसवून घरात कोंडून ठेवलं का, तसल्या बातम्या येत असतात. किराणावाल्या भैयांना पाठवलं, ते म्हणतात कुलूप आहे. तिने त्यांना सांगितलं, कुलपाकडे पाहू नका, मागून जा. मागून ठोठावलं, उत्तर नाही. शेवटचा मेसेज होता, मी निघाले आहे.

घरी पोचले तर गल्लीत दहा-बारा माणसं. भैया हातोडी घेऊन कुलपापाशी. मला पाहून म्हणाला, "दीदी, अंदर कुछ हो गया है. बीस साल में पहली बार कुकर की आवाज नहीं आई." म्हणजे त्या कुलपावर गल्लीत कोणाचाच विश्वास नव्हता. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि वीस वर्षं कोणी तसं दाखवलं नव्हतं.

मी धावत मागे गेले. आधी दोनदा आणि मग एकदा, की आधी एकदा आणि मग दोनदा, तेच आठवेना. कसंबसं ठोठावलं. आत पावलं वाजली. दार उघडलं, आणि समोर काका उभे. चांगले धडधाकट. दाढी केलेली, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, आणि घरात असूनही पायांत बूट.

मला रडूही आलं आणि रागही आला. काका, बाहेर लोक कुलूप तोडून राहिले, तुम्ही आवाज काहून दिला नाही, मी ओरडलेच. ते खुर्चीवर जाऊन बसले. टेबलावर चार्जरला लावलेला फोन होता. त्यात सकाळी सात वाजताचं "हजर", त्यासमोर घड्याळ, वर किल्ली. आणि बरोबर समोर, भिंतीवर, ती चिठ्ठी.

"निघाली का ती?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, निघाली, पण मी आत्ता फोन करते, तिला थांबवते.

"नियम आहे बाई," ते म्हणाले. "हजेरी चुकली."

मी तरी फोन केलाच. मुलगी पुण्याच्या विमानतळावर पोचली होती. काका ठीक आहेत, काही झालं नाही, त्या व्हीपीएनचा घोळ आहे, रोमानिया वगैरे सगळी माझी चूक, तुम्ही येऊ नका, असं मी एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "नाही ताई, येते मी. हजेरी चुकली न." दोघंही एकच वाक्य बोलत होते आणि मधे मी मूर्खासारखी दोन्हीकडे धावत होते. भैयाला सांगितलं, सब ठीक है. तो म्हणाला, अच्छा, आणि हातोडी घेऊन गेला.

नागपूरपर्यंत विमान आणि पुढे बस असं करत ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, बरोबर सातला. मागच्या दाराने. मी चहा घेऊन खालीच होते. बाप-लेक एकमेकांसमोर उभे राहिले, आणि तिच्या पर्समधला फोन वाजला. तिने काढून पाहिला. "हजर." काकांनी तिच्यासमोर उभं राहून पाठवला होता. तिने तिथेच उभ्या उभ्या "हजर" लिहून पाठवलं, आणि मग बापाच्या गळ्यात पडली. काकांच्या फोनवर किल्ली नव्हती, एवढं मी पाहिलं.

नंतर स्वयंपाकघरात मी तिची माफी मागितली. म्हटलं, माझ्यामुळे तुमच्या बाबांचं घर सुटून राहिलं, मीच टाकून दिलं ते ॲप. ती पोह्यांना फोडणी देत होती. म्हणाली, ताई, एक दाखवू? आणि तिने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. बाबांच्या फोनमधलं खातं तिचंच होतं ना, मग बाबा फोनला जे जे विचारायचे ते सगळं तिच्याकडे उमटत होतं. व्हीपीएनने बाहेरच्या जगापासून लपवलं असेल, पण खातं एकच, तिथे कुठलं हॉलंड आणि कुठलं सिंगापूर. वर्षभराची यादी होती ती. मी वाचत गेले. पुण्यातील फ्लॅटला मागचे दार असते काय. लिफ्ट मध्येच बंद पडल्यास काय करावे. सहाव्या मजल्यावर तुळस जगते काय. जावयाकडे राहणे योग्य की अयोग्य. आणि एकच प्रश्न, तीन वेगवेगळ्या दिवशी: मुलीला स्वतःहून कसे सांगावे.

मला पुढचं दिसेना, डोळे भरून आले. तुम्ही त्यांना कधी बोलल्या काहून नाही, मी विचारलं.

"बाबांनी कुलूप लावलं होतं न, ताई," ती म्हणाली. "मी ऑफिसात बसून वाचायची आणि रडायची. पण लावलेलं कुलूप कसं वाजवू?"

मग मला माठाच्या वरची चिठ्ठी आठवली. पाच वेळा गिरवून घेतलेलं, त्यानंतर कितीदा तरी त्यांनी स्वतः केलेलं. त्या सकाळी सातपासून नऊपर्यंत दोन तास ते घड्याळासमोर, बूट घालून, त्या चिठ्ठीखाली बसले होते. विसरले असतील? वयच होतं. घाबरले असतील? बाहेर लोक जमले ते नऊनंतर, त्याच्या आधी घाबरायला काय होतं? मी गणितवाली, किती तऱ्हेने मांडून पाहिलं, उत्तर दर वेळी वेगळं येतं. तिला मी काही सांगितलं नाही. ती सामान बांधत असताना चिठ्ठी भिंतीवरून काढली आणि पर्समध्ये टाकली. संगतीचा परिणाम, दुसरं काय.

चार दिवसांनी ते गेले. काकूंची शिलाई मशीन सोबत घेतली, तुळस माझ्याकडे दिली. जाताना पुढच्या दाराला तेच मोठं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. भैयाने हात जोडले. काकांनी जाता जाता त्याला सांगितलं की कुठे चाललो ते कोणाला सांगायचं नाही. भैया म्हणाला, बिलकुल नहीं. गल्लीतली सगळी माणसं पुण्याला निघालेल्या काकांना निरोप द्यायलाच उभी होती.

आता रोज सकाळी सातला पुण्याहून मला "हजर" येतं. मुलगी घरातच असते, मग पाठवणार कोणाला. मीही "हजर" लिहिते आणि शाळेत जाते. फ्लॅटला मागचं दार नाही म्हणे, पण सोसायटीला मागचं फाटक आहे, काका तिकडूनच येतात-जातात. तुळस इकडे जगली.

परवा रविवारी राहवलं नाही. हजेरी आली तशी मी लिहूनच टाकलं, काका, खरं सांगा, त्या दिवशी किल्ली काहून नाही बंद केली? पलीकडे ते लिहून राहिले, पुसून राहिले, परत लिहून राहिले, असं पुष्कळ वेळ दिसत राहिलं. माझा चहा गार झाला. मग उत्तर आलं.

"ही गोष्ट फोनवर बोलायची नाही."